ऊन फुकट हाय म्हणं!

...घ्या की! घ्या, कामून घेऊ नये? दोन-दोन घ्या! न्हाई, आत्ता तुम्हीच इचारलाव ना, की शिवशंकरप्पा, ते उनावर चालणारं मोबाईलचं चार्जर कसं हाय वो, तुमच्या घरी हाय म्हणं, पोराला एक घ्यावं म्हणायलोय... मग आता ऐका! उठायचं न्हाई! चहा आला तर बसल्या जागी प्या, पर मधी बोलायचं न्हाई, कारण त्या डबीचं नाव निघालं की माझं टाळकं तापतंय, आन् डबी तर माझ्याहून जास्ती तापतीय, तापायला एक नंबर, चार्ज व्हायचं तेवढं सोडून बाकी सगळं करतीय! ऊन फुकट हाय म्हणं!

हे वाक्य माझं न्हवं बरं का. हे माझ्या मेहुण्याचं, संगमेश्वरचं. बेंगळुरात कंप्युटरवर काम करतंय. सकाळी काचेच्या बिल्डिंगीत शिरतंय ते अंधार पडल्यावरच भाईर निघतंय, त्याला ऊन म्हणजे काय ठाव? आमच्या हळ्ळीखेडला ये म्हणावं चैताच्या महिन्यात, दुपारी अंगणात चप्पल सोडून दाखव म्हणावं! तर ह्यो दिवाळीला आला, पिशवीतनं एक काळी डबी काढली, साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी, वर काच, एका अंगाला उजेडाची बारकी बॅटरी, आन् माझ्या हातात ठिवून म्हणतंय कसं, "भावजी, आता तुमच्या गावात लाईट राहू द्या न्हाईतर जाऊ द्या! हे उनात ठेवायचं, ह्याला मोबाईल जोडायचा, खलास! ऊन तर फुकट हाय!" मी म्हणलो बरं, ठिवू का आत्ता उनात? तर म्हणतंय, "न्हाई न्हाई भावजी, पैलं लाईटीवर लावून फुल भरून घ्या." आता मला सांगा! लाईट न्हाई म्हणून सोलर, आन् सोलर भरायचं लाईटीवर! मी म्हणलो, अरे बाबा, मग उनाचं काम काय? "ते इमर्जन्सीला, भावजी." म्हणजे नावाला सोलर आन् पोट भरायचं लाईटीवर, असला कारभार!

न्हाई, खोटं कामून बोलू? लाईटीवर भरली तर डबी चालती. झकास चालती! एकदा भरली की दोन वेळा मोबाईल भरून देती, रानात न्या, लग्नाला न्या, खिशात मावती. आन् ती बारकी बॅटरी तर विचारूच नका, गोठ्यात लावली की गाय डोळे मिटून घेती. पर उनावर? उनावर दिवसभर ठिवा, संध्याकाळी बगा, किती भरली ते दाखवायचे चार बारके दिवे हायत, त्यातला एक दिवा असा लुकलुक करतंय, जणू आपल्यावर उपकारच करायलंय. मेहुण्याला फोन लावला, तर म्हणतंय, "भावजी, पॅनल बारकं हाय ना, टाईम लागतंय, दोन-तीन दिवस कडक ऊन पायजे, ढग नको, धूळ नको, सावली नको." अरे, मग हे चार्जर हाय का नवरदेव हाय?

आन् धुळीचं म्हणाल तर माझ्या घरात धुळीच्या आधी विभूती! माझी बायको हेमावती. भावाचं नाव काढलं की अर्धी भाकर जास्ती खाणारी बाई. तिचा बी दोष न्हाई, हे पोरगं रांगायलतं तवाच माझी सासू वारली, ह्या अक्कानंच त्याला कडेवर घिऊन वाढवलं, लग्न झाल्यावर सुद्धा ते अर्धा उन्हाळा आमच्याच घरी पडलेलं असायचं. तर भावानं दिलेली वस्तू म्हणून हिनं काय केलं असंल? डबी देवाच्या फळीवर ठिवली, आन् त्या काचेवर... काचेवर बरं का... विभूतीची तीन बोटं वढली! अशी आडवी! मी म्हणलो, अगं बाई, त्याच काचेतनं ऊन आत जायचं असतंय, तू तिलाच झाकायलीस! तर मला म्हणती, "नवी वस्तू हाय, विभूती न लावता कशी वापरू? तुमचा टॅक्टर आला तवा न्हाई का लावली?" आता टॅक्टर काय उनावर चालतंय व्हय?

असो. डबी फळीवर, दिवस चालले, आन् चैतात माझा पाय मोडला. कसा मोडला ते इचारू नका. बांधावरनं घसरलो, बस्स. मांडीपत्तर प्लास्टर, लिंबाखाली बाज, बाजेवर मी, हातात काठी, आन् वरनं कावळे. नेमकं त्याच टायमाला बेंगळुरातनं फोन... संगमेश्वरला पोरगी झाली! हेमा तर अशी नाचायली, मला वाटलं आता हिचा बी पाय मोडतंय.

आता आमच्यात बारशाला नाव कोण ठेवतंय? बोला की! आई न्हाई, बाप न्हाई, आजा न्हाई... आत्या! आत्यानं पाळण्यात वाकायचं, लेकराच्या कानाला तोंड लावायचं, "कुर्र्रर्र" म्हणायचं, मागनं साऱ्या बायांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालायच्या, आन् त्या बुक्क्या खात-खात आत्यानं नाव सांगायचं. तवर ते नाव आत्याच्या पोटात. नवऱ्याला बी सांगत न्हाई! मी लई इचारलो, अगं मला तरी सांग. "तुमच्या पोटात पाणी ऱ्हात न्हाई, नाव काय ऱ्हाईल?" म्हणली. आन् संगमेश्वर बी फोनवर बोलला, मी ऐकलोय ह्या कानानं, "अक्का, तू कानात म्हणशील तेच नाव. पवित्रा काय बी म्हणू दे." पवित्रा म्हणजे त्याची बायको. त्या दिवशी हेमानं पदरानं डोळे पुसले, आन् पिठाच्या हातानं पुसले, म्हणून दिवसभर तोंड पांढरं घिऊन फिरायलती.

पर जायचं कसं? मी असा, आडवा! मला सोडून बेंगळूरला जाती कशी? मग ठरलं की मोबाईलवर. तिकडं मोबाईल लेकराच्या कानाला लावायचा, हिकडनं आत्या कुर्र करंल. लेकराच्या मावशीनं, शैलश्रीनं, फोन धरायचा. सगळं पक्कं! आन् बारशाच्या दोन-तीन दिवस आधी असलं अवकाळी वारं सुटलं... खांब आडवे, तारा रस्त्यावर, ट्रान्सफार्मर जळला, गाव सगळं अंधारात. नुस्तं त्या मोबाईलच्या टावरला डिझेल व्हतं म्हणून रेंज तेवढी तगली. रेंज हाय आन् मोबाईल मेलेले! समद्या गावाचे!

आन् हेमाच्या तोंडावर तर काळजीची रेघ न्हाई! फळीवरनं डबी काढली, पदरानं विभूती पुसली, आन् मला म्हणती, "बगा! माझ्या भावाला नावं ठेवायलताव ना?" चारीच्या चारी दिवे! भरलेली! मी म्हणलो चला, लाज ऱ्हाईली. पर तिनं हे बोलायचं ते अंगणात उभं ऱ्हाऊन, आन् कुंपणापल्याड चांगुणाबाई! शेजारीण. त्या बाईला बातमी कळाली म्हणजे मग वाऱ्याला काम ऱ्हात न्हाई. घडीभरात दारात रांग! "हेमाक्का, माझ्या लेकाला एकच फोन लावायचाय," "हेमाक्का, दुधाच्या डेअरीचा फोन यायचाय," "हेमाक्का, नुस्तं दोन काड्या भर." मी बाजेवरनं वरडायलो, अरे डबी हाय, हीर न्हाई! तर काय म्हणावं त्या लोकांनी? "अप्पा, असं काय करायलाव, ऊन तर फुकट हाय!" हिनंच सांगितलेलं वाक्य! न्हाई कसं म्हणावं? हिला न्हाई म्हणताच येत न्हाई, आन् मला म्हणायला येतंय तर मला उठता येत न्हाई. संध्याकाळपत्तर डबीनं मान टाकली.

मी तवाच म्हणलो, अगं, कुणाच्या तरी गाडीवर मोबाईल हुमनाबादला पाठीव, तिथं लाईट हाय, भरून येईल. झालं! माझंच चुकलं! "माझ्या भावानं मग हे कामून दिलंय? उद्या दिवसभर ऊन हाय, आपोआप भरंल." बरं बाई, आपोआप तर आपोआप! दुसऱ्या दिवशी तिचे ज्वारीचे पापड व्हते अंगणात वाळत. त्या पापडाच्या रांगंत, पापडाच्या शेजारी पापडासारखी, डबी ठिवली. मला सांगितलं, "नदर ठेवा." मी ठिवली की नदर! आता दुपारी जरा डोळे मिटले, झोपलो न्हवतो, मिटले व्हते... उघडून बगतो तर काय? पापडावर पांढरं धोतर! आमच्यात उनात काय बी ठिवलं की वर पातळ धोतर टाकायचं, कावळा चोच मारतंय म्हणून. तर डबी बी धोतराखाली! झाकून! थंडगार! मी काठीनं धोतर उचकलो... आन् कपाळावर हात मारून घेतलो. डबी पालथी! काच खाली, पोट वर! वरडलो, कुणी केलं हे? तर चांगुणाबाई सूप घिऊन पुढं, "मी केले की अप्पा. हेमाक्का आत व्हती, म्हणलं एका अंगानंच वाळायलंय, उलथून ठेवावं, दोन्ही अंगानं वाळू दे."

वाळू दे! डबी! दोन्ही अंगानं!

आता ह्या बाईला काय बोलावं? तिनं जन्मभर जे उनात ठिवलं ते उलथलं. मिरची उलथली, कुरडई उलथली, तुरीची डाळ उलथली. तिचं काय चुकलं? कुण्या शहाण्यानं त्या डबीवर लिहिलंय का, की मला उलथू नका म्हणून? दिवस गेला बगा सगळा. संध्याकाळी एक दिवा, तो बी लाजून लाजून. हुमनाबादचं नाव पुना काढलं तर म्हणती, "सकाळचं ऊन हाय की!" आन् उद्या दुपारी बारसं!

बारशाच्या दिवशी हेमा सकाळीच न्हाऊन, इलकल नेसून तयार. तिकडं बेंगळुरात पाळणा सजलेला, हिकडं अंगणात आमचा प्रपंच बगा आता. मोबाईल मेलेला, तो डबीला वायरीनं जोडला तरच डोळे उघडतंय. डबी रिकामी, ती उनात असली तरच धुगधुगी धरतीय. म्हणून अंगणाच्या मधोमध, टळटळीत उनात, पाटावर डबी, डबीला वायर, वायरीला मोबाईल, आन् मोबाईलपाशी चवड्यावर बसलेली माझी बायको, डोक्यावर पदर, घामानं डबडबलेली. मधी मोबाईलनं सुद्धा सांगितलं, लई तापलोय, जरा दम खाऊ द्या! चांगुणाबाई म्हणती, "माठासारखं वल्लं फडकं गुंडाळू का?" मी काठी आपटून म्हणलो, नक्को! हात लावायचा न्हाई! कुणी जवळ यायचं न्हाई! साऱ्या बाया लिंबाखाली बसा, अंगणात सावली पाडायची न्हाई, सावली पडली की संपलं! बाया बी शहाण्या, गुमान बसल्या. सुधारानी म्हणून आमच्या वाड्यावरची एक पोरगी हाय, ती तर म्हणली, "अप्पा, चिमणी बी येऊ देत न्हाई."

लागला बगा फोन! चित्र आलं! संगमेश्वर दिसला, पवित्रा दिसली, पाळणा दिसला. "अक्का, दिसायलं का?" "दिसायलं रे बाळा, दिसायलं!" तिकडं बायांचं गाणं संपलं, शैलश्रीनं मोबाईल उचलून लेकराच्या कानाला लावला. हिकडं हेमा वाकली. तुम्हाला सांगतो, मी काय मऊ माणूस न्हाई, पर तिचं ते तोंड बगून मी बी बाजेवर उठून बसलो. संगमेश्वरची आई ही, त्याच्या लेकीची आत्या ही, सगळं हीच. एवढ्या लांबनं, एवढ्या उनात, तोंड मोबाईलला लावून तिनं सुरू केलं... "कुर्र्रर्रर्र..."

आन् झालं!

कुर्र ऐकल्यावर बाई थांबती का? आत्याची पाठ वाकलेली दिसायली, आन् हात थांबतील? जन्माची सवय! मी "सावलीऽऽ" म्हणून बोंबलायच्या आत लिंबाखालच्या साऱ्या बाया उठल्या, चांगुणाबाई सगळ्यात पुढं, आन् पडल्या की हेमाच्या पाठीवर! धपाधप! धपाधप! गोल रिंगण, मधी हेमा, बुक्क्यावर बुक्क्या, हसू काय, आरडा काय... आन् त्या रिंगणात उनाचा कवडसा शिरायला जागा न्हाई! डबीवर अंधार! मी काठी हालवायलोय, बाजेवर उड्या मारायलोय, प्लास्टरसकट! "सरका! सरका गं बायांनो! ऊन सोडा!" कोण ऐकतंय? मोबाईल एकदा उजळला, आन् गेला.

बायांना कळालंच न्हाई. त्या आपल्या बुक्क्या घालायल्यात, "सांग की गं नाव, हेमाक्का, सांग!" आन् हेमा त्या काळ्या काचेकडं बगायलीय, तोंड उघडं, कुर्र झालेलं, नाव जिभेवर आलेलं... आन् तिनं ते परत गिळलं. मी बगितलं गिळताना. मग हळूहळू बुक्क्या थांबल्या. चांगुणाबाईचा हात तसाच वर ऱ्हाईला. त्या दुपारी मला माझ्या मोडलेल्या पायाचा जेवढा राग आला न्हाई, तेवढा त्या साबणाच्या वडीचा आला. वाटलं, काठीनं एकच हाणावं! पर काठी पोचत न्हवती.

आन् लाईट कधी आली म्हणता? त्याच दिवशी संध्याकाळी! लाईटीला बी काय काळवेळ ऱ्हाईलीय का? मोबाईल भरला, फोन लागला, संगमेश्वर खाली मान घालून बोलायला. "अक्का... फोन कटला... सगळे पाव्हणे बसलेले, पाळण्यापाशी नुस्तं कुर्र झालेलं, नाव न्हाई... आम्ही लई वेळ थांबलो गं. मग शैलश्रीनं सांगितलं नाव. मायरा." मावशीनं! आत्या जिवंत असताना मावशीनं! आन् काय तर म्हणं, मायरा! चांगुणाबाई शेजारी उभी, ती मला इचारती, "अप्पा, त्याचा अर्थ काय वो?" मी म्हणलो, ऊन फुकट हाय, ह्यो अर्थ!

मला वाटलं आता हेमा भावाला फाडून खाती. न्हाई! म्हणती, "चांगलं हाय की रे. मायरा तर मायरा. लेकरू सुखी ऱ्हाऊ दे." संगमेश्वर म्हणला, "अक्का, तू कुठलं ठरवली व्हतीस?" तर म्हणती, "असू दे." एवढंच! फोन ठिवला आन् चुलीपुढं जाऊन बसली. जेवली न्हाई. मी म्हणलो, अगं, भावाला शिव्या तरी दे, मी देऊ का? तर म्हणती, "त्यानं प्रेमानंच दिलती वो डबी." आन् मग रडली. तुम्हाला सांगतो, तिचं रडणं मला बगवत न्हाई, न्हाई म्हणजे न्हाईच.

त्याच हप्त्यात आमची गाय व्याली. कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. सकाळचं ऊन कवळं व्हतं, माझी बाज गोठ्याच्या दाराशी. हेमा वासराला पुसायली, पुसता-पुसता थांबली, हिकडं-तिकडं बगितली, आन् त्या कालवडीच्या कानाला तोंड लावलं की! "कुर्र्रर्र..." मला काय सुचलं कुणास ठाव, मी बाजेवरनं वाकलो, हात लांबवलो, आन् तिच्या पाठीत एक बुक्की घातली. हळूच. तर मागं न बगता म्हणती, "जोरात घाला की वो!" घातली मग जोरात. आन् तिनं नाव सांगितलं. "नागम्मा."

नागम्मा! अहो, माझी सासू! वारलेली! भावाच्या लेकीला आईचं नाव द्यायचं म्हणून ही बाई इतके दिवस पोटात घिऊन बसलती, आन् ते नाव आता गोठ्यात चारा खायलंय!

आता माझं हाल ऐका, आन् मग घ्या तुम्ही सोलर. प्लास्टर निघालं, पाय सुटला, पर डबी काय सुटली न्हाई. हेमा म्हणती, लाईट असो का नसो, पुना मोबाईल रिकामा व्हता कामा न्हाई. रोज सकाळी डबी अंगणात, आन् राखणीला मी. ऊन सरकलं की पाट सरकवायचा, पाट सरकला की मी सरकायचं. ऊन फुकट हाय म्हणं! अरे, ऊन फुकट हाय, पर माणूस लागतंय की राखायला, ते कुठलं फुकट हाय? आन् ती कालवड, सगळं अंगण सोडून नेमकी डबीच्या बगलंत येऊन उभी ऱ्हाती. दुसरं कुठलं वासरू असतं तर हाड म्हणून काठी दाखविलो असतो. पर सासूला काठी दाखवू? सांगा की! नुस्तं "ए नागम्मा, सरक" म्हणलं तर आतनं आवाज येतंय, "माझ्या आईला अगंतुगं करायलाव व्हय?" मग काय करतो... गल्ली सगळी बगायलीय, हसायलीय, आन् मी भर उनात त्या वासरापुढं दोन्ही हात जोडून म्हणायलोय, "सासूबाई... जरा सरकता का... डबीवर सावली पडायलीय."